पाटी उलटली त्याची गोष्ट

मुलांनो, आज तुम्हांला माझी स्वतःचीच एक चूक सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "बाईंची चूक? बाई कधी चुकतात का?" चुकतात बरं का! चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. फळ्यावर माझी बेरीज चुकली, की पहिल्या बाकावरून कुणीतरी हात वर करायचं, "बाई, हातचा राहिला!" मग मी गुपचूप डस्टर उचलायची. पण ही चूक बेरजेतली नव्हती. ती झाली एका पुठ्ठ्याच्या पाटीवर, आणि ती दाखवून दिली एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं.

मी राहते नवी मुंबईत, नेरूळला. आमच्या गावाची एक गंमत आहे. इथं पत्ता विचारला तर लोक आळी किंवा पेठ सांगत नाहीत, सेक्टर सांगतात. सिडकोनं १९७० पासून आखून-मोजून वसवलेलं हे शहर. १९९२ साली खाडी ओलांडून लोकल वाशीला यायला लागली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हीही सामानाचा टेम्पो घेऊन इकडे आलो. गणिताच्या बाईंना शोभेल असंच गाव आहे, सगळीकडे आकडे!

शाळेतून निवृत्त झाले आणि घरात बसवेना. तेव्हा एका मैत्रिणीनं सुचवलं, "जवळच मुलींचं एक बालगृह आहे. तिथल्या मुलींना गणित शिकवशील का?" मी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी तिथं जाते.

त्या बालगृहाचं नाव काय, ते कुठल्या सेक्टरात आहे, मुलींची नावं काय, यांतलं काहीही मी तुम्हांला सांगणार नाही. विसरले म्हणून नव्हे. आपल्या देशात २०१५ सालचा बाल न्याय कायदा आहे. ज्या मुलामुलींना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, त्यांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, म्हणजे ज्यावरून ती ओळखू येतील असं काहीच छापायचं नाही, असं तो कायदा सांगतो. का बरं असेल असं? लेख संपेपर्यंत तुमचं तुम्हांलाच कळेल. तोवर आपण गोष्टीतल्या मुलीला 'लाल दोऱ्याची ताई' म्हणू या. ती आपल्या पकडीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळून ठेवते, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून.

पक्कड कशाला, असं विचारताय ना? सांगते.

बालगृहातल्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे. टेबलावर डबेच डबे. एकात काचेचे मणी, एकात लाकडी मणी, एकात पितळेच्या बारीक कड्या, एकात कानात अडकवायचे हुक. तारेची भेंडोळी वेगळी. तिथं कानातली, गळ्यातल्या माळा आणि हातातली ब्रेसलेटं तयार होतात. शाळेत जाणाऱ्या लहान मुली आवड म्हणून ओवायला शिकतात. त्यांच्या वस्तू विकायला ठेवत नाहीत. त्यांचं काम अभ्यास करण्याचं आणि खेळण्याचं! विक्रीचे दागिने करतात त्या अठरा वर्षं पूर्ण झालेल्या ताया. त्यांना मजुरी मिळते आणि ती त्यांच्या स्वतःच्या बँकेतल्या खात्यात जमा होते. लाल दोऱ्याची ताई त्यांतलीच. सकाळी काम करते आणि मुक्त विद्यालयातून बारावीचा अभ्यास करते. व्याजाची गणितं तिला फार आवडतात. स्वतःच्या खात्यात पैसे असले की व्याज आवडायला लागतंच म्हणा!

एका शनिवारी गणित संपल्यावर मी त्या टेबलाशी बसले. म्हटलं, "मलाही शिकवा की गं." ताईनं माझ्या हातात दोन पकडी दिल्या आणि समोर एक कडी ठेवली. कडी म्हणजे तारेचं एवढंसं वेटोळं, एका ठिकाणी कापलेलं. तिच्यात लोलक अडकवायचा आणि ती बंद करायची. यात काय अवघड आहे, असं मनाशी म्हणत मी दोन्ही टोकं बाजूला ताणली. कडी फाकली. परत जवळ आणली, तर गोल कुठला, बटाट्याचा आकार झाला! वर फटही राहिली.

"तशी ताणायची नाही, बाई," ताई म्हणाली. "एक टोक तुमच्याकडे, दुसरं पलीकडे, अशी पिळायची. बंद करतानाही तशीच पिळायची, जराशी पुढे न्यायची आणि मग मागे आणायची. दोन्ही टोकं घासली की 'टिक्' असा बारीक आवाज येतो. तो आला म्हणजे बसली."

मुलांनो, घरी जुनं कानातलं तुटलेलं असेल तर मोठ्यांना विचारून हे करून बघा. ताणली की कडी वाकडी होते, पिळली की गोल राहते. शिवाय तार वाकवली किंवा हलक्या हातोडीनं ठोकली की ती आधीपेक्षा कडक होते. म्हणून हुक वाकवून झाला की ताई तो छोट्या ऐरणीवर हळूच ठोकते, आणि मग तो घालता-काढता उघडत नाही. टोक कानशीनं घासते, नाहीतर कानाला ओरखडा उठतो. आणखी एक गोष्ट. खोटे दागिने घातले की काही जणींच्या कानाला खाज सुटते, पाणी येतं. बऱ्याचदा त्याचं कारण निकेल नावाचा धातू असतो. म्हणून हुक निकेल नसलेलेच घ्यायचे, थोडे महाग पडले तरी चालतील, असा त्या टेबलाचा नियमच आहे.

त्या दिवशी मी सहा कड्या लावल्या. पाच ताईनं हसत हसत काढून पुन्हा केल्या. सहावी मात्र तिनं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही छान झालीय, बाई." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ते निळ्या लोलकाचं कानातलं विक्रीच्या डब्यात जाताना मी पोरीसोरींसारखी त्याच्याकडे बघत होते. ही सहावी कडी लक्षात ठेवा. ती पुढे येणार आहे.

आता या मुली इथं का राहतात? कुणाला आईवडील नाहीत. कुणाला आहेत, पण घर सुरक्षित नाही. आणि काही जणींच्या बाबतीत त्याहून वाईट घडलेलं असतं. "शहरात नोकरी लावतो", "सिनेमात काम देतो", "चांगलं स्थळ आहे" असं सांगून ओळखीचीच माणसं मुलींना घरापासून लांब नेतात आणि चक्क विकतात! याला मानवी तस्करी म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं माणसांच्या खरेदीविक्रीला आणि वेठबिगारीला बंदी केली आहे. तरी ती चोरून चालते. म्हणून तर संयुक्त राष्ट्रसंघानं ३० जुलै हा दिवस मानवी तस्करीच्या विरोधातला जागतिक दिन ठरवला.

अशा मुलींसाठी आपल्या मुंबईत मोठं काम झालं आहे. १९८६ साली प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' ही संस्था सुरू केली. त्या वस्तीत कितीतरी बायका फसवून आणलेल्या होत्या, आणि संध्याकाळ झाली की त्यांच्या लेकरांना थारा उरत नसे. रात्री ती मुलं जाणार कुठं? म्हणून १९८८ साली 'प्रेरणा'नं रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. दिवसाची पाळणाघरं पुष्कळ असतात, हे रात्रीचं. जेवण, अभ्यास आणि शांत झोप, एवढी साधी गोष्ट. पण त्या मुलांना ती मिळत नव्हती. पुढे या संस्थेचं काम आमच्या नवी मुंबईत, खारघरलाही आलं.

दागिन्यांचंही असंच. २००७ साली सुरू झालेल्या 'इंटरनॅशनल सँक्चुअरी' या संस्थेनं मुंबईत तस्करीतून सुटलेल्या तरुण मुलींना दागिने घडवायला शिकवलं. 'पर्पज ज्वेलरी' या नावानं ते दागिने अमेरिकेत विकले जाऊ लागले. मुलींना त्यातून मजुरी, शिक्षण आणि औषधपाणी मिळू लागलं. मुंबईतल्या टेबलावर बंद झालेली कडी सातासमुद्रापार कुणाच्या तरी कानात डुलते, मजा आहे की नाही?

पण हा विचार काही परदेशातून आलेला नव्हे. महाराष्ट्राला तो जुना आहे. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं. तिथं बायका विणकाम शिकल्या, शिवणकाम शिकल्या आणि छापखानासुद्धा चालवायला लागल्या! १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पोटाला अन्न हवंच, पण हातांत कसब आणि डोक्यात विद्या असली, की उद्या कुणी फसवायला आलं तर मुलगी म्हणू शकते, "नको. माझं मी बघते."

हे सगळं मला पाठ होतं बरं का. शाळेत भाषणंसुद्धा केली होती यावर. तरी चूक केलीच. आता ऐका.

गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीच्या सभागृहात शनिवार-रविवार प्रदर्शन भरणार होतं. फराळाचे स्टॉल, पणत्या, रांगोळ्या, उटणी. मी सेक्रेटरींना गाठून एक टेबल मिळवलं आणि बालगृहाच्या ताईंना, म्हणजे तिथल्या अधीक्षिकांना कळवलं. शनिवारी सकाळी लाल दोऱ्याची ताई दोन मोठे डबे घेऊन आली. बरोबर तिची एक मैत्रीण. पांढऱ्या चादरीवर त्यांनी कानातली अशी सुरेख मांडली की बघत राहावं. रंगांप्रमाणे ओळी लावलेल्या, प्रत्येक जोड पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर, आणि मागे पेन्सिलीनं किंमत.

अकरा वाजले, साडेअकरा झाले. शेजारी चकल्यांवर झुंबड, आमच्याकडे कुणी फिरकेना. मला काही राहवेना. मी घरी गेले, पुठ्ठा आणला, जाड स्केचपेन घेतलं आणि चौतीस वर्षांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'निराधार, दुर्दैवी मुलींनी केलेले दागिने. कृपया मदत करा.' पाटी टेबलावर मधोमध उभी केली.

आणि काय सांगू, गर्दी झाली! लोक थांबत, पाटी वाचत, "अरेरे" म्हणत. कुणी दोन जोड घेई, कुणी पाच. कुणी उरलेले सुटे पैसे परत घेत नव्हतं. एका आजोबांनी तर कानातली घेतलीच नाहीत. नुसतीच शंभराची नोट ठेवून गेले. एक बाई ताईच्या तोंडाकडे निरखून बघत मला विचारू लागल्या, "हिच्या बाबतीत काय झालं होतं हो?" अगदी तिच्यासमोर! मी कसंबसं विषय बदलला. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जोड संपले. मी वहीत हिशोब मांडत होते आणि मनातून खूश होते.

नजर वर केली तर पाटी दिसेना. म्हणजे होती तिथंच, पण उलटी. कोरी बाजू लोकांकडे आणि अक्षरं भिंतीकडे.

"अगं, पाटी पडली वाटतं," म्हणत मी ती सरळ करायला गेले.

"पडली नाही, बाई. मी फिरवली," ताई म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण खाली बघत नव्हती ती.

"का गं? विक्री किती छान झाली बघ ना!"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत पेपर तपासायचात ना? एखाद्या मुलाचे घरचे हाल आहेत, म्हणून त्याच्या पेपरावर 'बिचारा' असं लिहून मार्क द्यायचात का?"

मी म्हटलं, "नाही गं. असं कसं करीन? गणित बरोबर असेल तर मार्क."

"मग माझे का देताय?" ती म्हणाली. "सकाळपासून एकीनंही हुक हातात घेऊन बघितला नाही. टोक घासलंय का, कडी बसलीय का, कुणी म्हणजे कुणी बघितलं नाही. पाटी वाचली, पैसे दिले, गेले. मी कानातली दिली नसती, खडे दिले असते, तरी घेतले असते त्यांनी. मला ग्रेस मार्क नकोत, बाई. माझी तार तपासा."

मुलांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणितात उत्तर चुकलं की ते खोडून पुन्हा मांडायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." मग तिच्याच हातात स्केचपेन दिलं आणि म्हटलं, "तू लिही. तुझ्या दुकानाची पाटी आहे."

तिनं कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'हातानं केलेले दागिने. टोकं घासलेली, कानाला टोचणार नाहीत. निकेल नाही. तुटलं तर फुकट दुरुस्त करून मिळेल.' अक्षर माझ्याइतकं वळणदार नव्हतं, पण एकेक शब्द खरा होता.

रविवारी गर्दी कमी झाली. मी तुम्हांला खोटं सांगणार नाही. दिवसभरात सतराच जोड गेले. पण ती सतरा गिऱ्हाइकं निराळी होती. त्यांनी कानातली उचलून पाहिली, आरशात बघितली. "हिरव्यात नाही का?" "जरा लहान लोलक हवा होता." "हा हुक कुणी केला? छान बसतो हो कानात!" ताई उत्तरं देत होती आणि एका चिठ्ठीवर लिहून घेत होती, हिरवे मणी हवेत, लहान लोलक हवेत.

एका काकूंनी घासाघीस केली, "एकशे वीस काय म्हणता? शंभरला द्या." तेव्हा ताईनं त्यांना काय सांगितलं ते तुमच्यासाठी गणित म्हणून मांडते. एका जोडाची किंमत १२० रुपये. त्यात तार, मणी आणि हुक ३५ रुपयांचे. पुठ्ठा-पिशवी ५. करणारीची मजुरी ४०. टेबलाचं भाडं आणि येण्या-जाण्याचा खर्च मिळून जोडामागे १०. तुटफूट ५. बेरीज करा. ९५ झाले ना? उरले २५. त्यांतून पुढचा माल आणायचा आणि नव्या मुलीला शिकवताना वाया जाणाऱ्या तारेचा खर्च भागवायचा. आता वीस रुपये कमी केले तर उरले किती? पाच! काकूंनी मनातल्या मनात हिशोब केला, हसल्या आणि एकशे वीस दिले. शिवाय म्हणाल्या, "मग तुटलं तर मात्र मी येणार हं!" ताई म्हणाली, "याच, काकू."

संध्याकाळी मात्र खरंच कुणीतरी आलं. आमच्याच सोसायटीतली सहावीतली एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, ओठ पुढे काढून. तिच्या मुठीत निळ्या लोलकाचं कानातलं होतं, एकच धड, दुसऱ्याचा लोलक निराळा. "मी काल माझ्या साठवलेल्या पैशांनी घेतलं. आज क्लासला जाताना पडला हा. बरं झालं दिसला तरी!" ती जरा रागातच बोलली.

मला वाटलं, ताईचा चेहरा आता पडणार. पण ती केवढी खुलली! "तू घातलंस? क्लासला घालून गेलीस?" तिनं विचारलं. कालच्या एक्केचाळीस जोडांतला एक तरी जोड कुणीतरी खरोखर आवडून घेतला होता आणि कानात घातला होता. ही तक्रार म्हणजे तिची पहिली खरी पावती होती!

तिनं लाल दोऱ्याची पक्कड काढली, तुटकं कानातलं दिव्याखाली धरलं आणि एकदम गप्प झाली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, ही कडी माझी नाही. ही तुमची आहे."

आठवली का सहावी कडी? तीच!

"पण तू तर म्हणाली होतीस, छान झालीय!"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून म्हटलं होतं," ती म्हणाली आणि जीभ चावली. "पाच काढल्या होत्या ना. सहावी पण काढायची म्हणजे..."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग जे हसलो! तिनं मला ग्रेस मार्क दिले होते. आणि त्याचं काय झालं? एका मुलीचा लोलक रस्त्यात पडला. मला वाईट वाटू नये म्हणून माझी चूक झाकली, आणि मी होते तशीच अडाणी राहिले. त्या सहावीतल्या मुलीला ताईनं समोरच नवी कडी लावून दिली. 'टिक्' असा आवाज आला तेव्हा तिला कान जवळ आणून ऐकायला लावलं. मुलगी रागावून आली होती, ती उड्या मारत गेली.

ही गोष्ट इथंच संपली असती. पण संक्रांतीला आमच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. शेजारच्या वहिनींनी वाण म्हणून काय वाटावं? आमचीच कानातली! पाच जोड, पुठ्ठ्यावरून न काढलेले, पिशवीसुद्धा न उघडलेली. मला बघून त्या म्हणाल्या, "अहो, शनिवारी तुमच्या टेबलावर घेतली होती. म्हटलं, बिचाऱ्या मुलींना तेवढीच मदत. घालायला कशी असतील कुणास ठाऊक, म्हणून तशीच ठेवली होती कपाटात." वहिनी मनानं फार चांगल्या आहेत. त्यांची चूक नव्हती. त्यांना ते कानातलं कसं आहे हे बघायची गरजच पडू नये, अशी पाटी मी लिहिली होती ना! तेवढ्यात एकीनं पिशवी उघडली, कानात घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, काय सुंदर आहेत हो! कुठं मिळतात?" मी म्हटलं, "करणारीला सांगते. पण भाव करायचा नाही हं!"

आता कळलं ना, नाव-पत्ता न छापण्याचा नियम का आहे तो? आपल्यातल्या कुणालाही आपल्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट गळ्यात पाटीसारखी अडकवून फिरायला आवडेल का? परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपण "हा नापास" म्हणून ओळख करून देत नाही. मग ज्यात त्या मुलींचा काडीचाही दोष नव्हता, ती गोष्ट आपण का विचारायची? त्यांना वाटलं आणि आपल्यावर विश्वास बसला, तर त्या सांगतील. मी अजून ताईला काहीही विचारलेलं नाही. मला एवढं ठाऊक आहे, की तिला व्याजाची गणितं आवडतात, तिचा लोलक पडत नाही आणि तिला पुढे स्वतःचं दुकान काढायचं आहे.

मदत करू नका, असं मी म्हणत नाही हं. ज्या आजोबांनी शंभराची नोट ठेवली, तिची संस्थेनं वेगळी पावती केली आणि त्या पैशांतून लहान मुलींच्या वह्या आल्या. देणगी ही देणगी, खरेदी ही खरेदी. दोन्ही चांगल्या. फक्त दोन्हींचा हिशोब एकाच रकान्यात मांडायचा नाही. देणगी मनापासून द्यावी. आणि वस्तू घेताना ती उचलून, नीट बघून, आवडली तर पूर्ण पैसे देऊन घ्यावी आणि वापरावी. बिघडली तर जाऊन सांगावं. करणाऱ्याचा याहून मोठा मान नाही. बचत गटाच्या पापडांना, रस्त्यावरच्या चांभारकाकांना आणि दिवाळीत पणत्या विकणाऱ्या आजींनाही हेच लागू आहे.

आणि एक महत्त्वाचं, मुलांनो आणि आईबाबांनो. १०९८ हा आकडा पाठ करून ठेवा. दहा, नऊ, आठ! अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीचा हा फोन १९९६ साली मुंबईतून सुरू झाला आणि आता देशभर चालतो. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावता येतो. तुम्हांला कुणी त्रास देत असेल, घाबरवत असेल, एखादी मैत्रीण अचानक शाळेतून नाहीशी झाली असेल, कुणी "घरी सांगू नको, मी तुला शहरात नेतो" म्हणत असेल, तर आधी घरच्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि हा नंबर लावा. चूक तुमची नसते. सांगायला लाजायचं नाही.

ती पाटी मी अजून जपून ठेवली आहे, माझ्या टेबलावर. एका बाजूला माझं वळणदार अक्षर, दुसऱ्या बाजूला ताईचं. दर शनिवारी जाताना ती माझ्या दृष्टीस पडते. गणित शिकवून झालं की मी त्या लांब टेबलाशी बसते आणि कड्या लावते. आता सहांतल्या चार पास होतात. उरलेल्या दोन ताई मला न विचारता, न हसता काढते आणि म्हणते, "पुन्हा करा, बाई."

मला ते फार आवडतं. तुम्हांला कुणी असं 'पुन्हा कर' म्हटलं आणि ते नंतर आवडलं, असं कधी झालंय का? मला पत्र लिहून जरूर कळवा.